कुलूप फाईलला की ओळीला?

आज आपल्याला एका छोट्या वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. गुपित लपवायचं, तर त्याच्या भोवतालचा मजकूरही लपवायचा का?

शेकडो सर्व्हर हातानं उभे करणं जेव्हा जमेनासं झालं, तेव्हा ते काम फाईलीत लिहून ठेवायची पद्धत रूढ झाली. पपेट आणि शेफ आधीच होते. २०१२ मध्ये मायकेल डीहान यांनी अ‍ॅन्सिबल आणलं. सर्व्हर कसा हवा ते वायएएमएल फाईलीत लिहायचं आणि ती फाईल गिटमध्ये ठेवायची. कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप नोंद राहते. पण डेटाबेसचा पासवर्डही त्याच फाईलीत येऊ लागला. आणि गिट विसरत नाही! आज ओळ पुसली, तरी जुन्या आवृत्तीत ती तशीच असते.

पहिला उपाय सरळ होता: अख्खी फाईलच कुलूपबंद करा. २०१४ मध्ये अ‍ॅन्सिबलच्या १.५ आवृत्तीत 'व्हॉल्ट' आलं, ते याच पद्धतीचं. पासवर्ड सुरक्षित झाला, पण फाईल मुकी झाली. एक पोर्ट बदलला तरी कूटबद्ध मजकूर अथपासून इतिपर्यंत बदलायचा. मग सहकाऱ्यानं तपासायचं काय? लोकांनी तोडगा काढला: एक फाईल उघडी, एक बंद, उघडीतली नावं बंद फाईलीतल्या किमतींकडे बोट दाखवणार.

पपेटवाल्यांनाही हीच अडचण आली होती. त्यांच्याकडे हायरा-जीपीजी अख्खी फाईल बंद करायचं. पुढे आलेल्या हायरा-ईवायएएमएलनं फक्त किंमत बंद करून नाव उघडं ठेवलं. २०१५ मध्ये मोझिलातून आलेलं 'सॉप्स' याच वाटेनं गेलं. अ‍ॅन्सिबलमध्ये ही सोय २.३ आवृत्तीत, २०१७ मध्ये आली. आता फाईल वाचता येते, फक्त पासवर्डच्या जागी आकड्यांचा ठोकळा दिसतो.

ही कल्पना तशी जुनीच. युरोपातले राजदूत पंधराव्या शतकापासून 'नोमेनक्लेटर' वापरत. कित्येक पत्रांत बराचसा मजकूर साध्या भाषेत असे आणि मोक्याची नावं, वाक्यं तेवढी सांकेतिक. लिहिणाऱ्याचे श्रम वाचत; पण पत्र पकडणाऱ्यालाही आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधता येई.

आजचं कूटलेखन असं अंदाजानं फुटत नाही. तरीही उघड्या नावांवरून आपण कोणत्या सेवा वापरतो, कुठे खाती आहेत, हे कळतंच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अ‍ॅन्सिबलमध्ये अख्ख्या फाईलीची किल्ली एका आज्ञेनं बदलता येते. सुट्या किमतींना ती आज्ञा चालत नाही. प्रत्येक किंमत नव्यानं कूटबद्ध करावी लागते. शिवाय जुन्या किल्लीचा ठोकळा गिटच्या इतिहासात राहतोच. म्हणून किल्ली जाणणारा माणूस संस्था सोडून गेला, तर नुसती किल्ली बदलून भागत नाही. डेटाबेसचा मूळ पासवर्डच बदलावा लागतो.

सोय मिळाली ती वाचणाऱ्याला, तपासणाऱ्याला. पासवर्ड वेळोवेळी बदलण्याची जबाबदारी मात्र आपल्याकडेच राहिली. आपल्या फाईलींतले पासवर्ड शेवटचे कधी बदलले होते, एवढं घरी गेल्यावर जरूर पाहा. आता प्रश्न घेऊ या.