धक्का आणि हरिगोल : आघात सोसण्याच्या दोन रीती

मराठीत ‘धक्का’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात : नाव लागते ती बांधीव जागा आणि एका वस्तूचा दुसरीवर होणारा आघात. उतारूंच्या धक्क्यांचा इतिहास पाहता ही अर्थांची जोडी अर्थपूर्ण ठरते. येणारी नाव कधी ना कधी जोराने आदळणार, हे प्रत्येक बांधणीचे गृहीतक असते. प्रश्न उरतो तो आघात कोणी सोसावयाचा, हा.

म्हैसूर परिसरात कावेरीवर या प्रश्नाचे उत्तर नावेतच शोधले गेले. हरिगोल ही बांबूच्या कामट्यांची, पूर्वी चामड्याने मढविली जाणारी वाटोळी नाव. सोळाव्या शतकात विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजानेही अशा टोपलीवजा नावांचे वर्णन केले आहे. खडकावर आपटली तरी तिची वीण दबते आणि पुन्हा उसळते. म्हणून काठावर बांधकाम नसले तरी चालते. आर्थर वेलस्लीने 1800 साली धोंडजी वाघाविरुद्ध आणि 1803 साली मराठ्यांविरुद्ध याच जातीच्या नावा वापरल्या.

मुंबईचे उत्तर काठावर उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधलेला भाऊचा धक्का आपल्या वजनाच्या बळावर आघात परतवतो. परंतु परतवलेला आघात नाहीसा होत नाही. तो जहाजाकडे व त्यातील माणसांकडे जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. 15 ऑक्टोबर 2003 रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘अँड्र्यू जे. बार्बेरी’ ही फेरीबोट पूर्ण वेगात काँक्रीटच्या धक्क्यावर आदळली. धक्का टिकला, बोटीची बाजू चिरली जाऊन अकरा जणांचे प्राण गेले.

म्हणजे केवळ भक्कमपणा ही सुरक्षितता नव्हे. आधुनिक रचनेत भिंत व जहाज यांच्यामध्ये रबरी फेंडर किंवा वाकणारे खांब असतात. ते दबतात, थांबण्याचे अंतर वाढवतात आणि त्यामुळे आघाताचा जोर घटतो. लहान जेटीवर टांगलेले जुने टायरही हेच काम करतात. काठाला लवचीकपणा देणारी ही युक्ती तत्त्वतः हरिगोलाचीच आहे. कावेरीवर जी नावेत होती, ती येथे भिंतीवर आली. धक्का उभा राहतो तो भक्कमपणामुळे. उतारू सुखरूप उतरतो तो मात्र त्यातील दबणाऱ्या भागामुळे.