पेनिसिलीन गोठ्यात आले त्याची गोष्ट

१९४० सालच्या मे महिन्यात ऑक्सफर्ड येथे फ्लोरी यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी तेवढे चौघेच जिवंत होते. पण या औषधाला एक खोड होती. ते काही तासांतच लघवीवाटे निघून जाई. दर तीन-चार तासांनी बैलाला सुई टोचणार कोण? म्हणून पुढे त्याला प्रोकेन या बधिरता आणणाऱ्या औषधाची जोड दिली. दुधासारखे पांढरे असे हे मिश्रण मांसात हळूहळू विरघळते आणि एका टोचणीवर दिवस निभावतो.

मेख इथेच आहे. हे औषध मांसात द्यायचे, शिरेत नव्हे. शिरेत गेले की प्रोकेन थेट मेंदूला भिडते. घोडा तर पाहता पाहता बिथरतो, उधळतो, कोसळतो. लोक म्हणतात, "पेनिसिलीन सोसले नाही." दर वेळी दोष पेनिसिलीनचा नसतो! म्हणून सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून पाहतात. रक्त दिसले तर जागा बदलतात. गोष्ट एवढीशी, पण जनावर अंग झाडू लागले की नेमकी हीच राहून जाते.

१९५५ पासून पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. तिकडे परदेशात चीज करणाऱ्यांच्या ध्यानात आले, की औषध दिलेल्या गाईच्या दुधाला विरजण लागत नाही. विरजणातले जंतूही त्याच औषधाने मरतात ना! तेव्हा पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीतही घालू नये आणि घरातही घेऊ नये.