सेंट लुईसची हद्द

1993 साली मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात 267 खून झाले. 2020 साली झाले 263. म्हणजे चार कमी. तरीही 2020 हे वर्ष त्या शहराच्या गेल्या कित्येक दशकांतले सर्वांत वाईट ठरले, कारण लाखामागचा दर 69वरून 87वर चढला. मारली गेलेली माणसे साधारण तेवढीच होती. त्यांना ज्या संख्येने भागायचे ती संख्या आटली होती.

अमेरिकेतल्या 'सर्वांत धोकादायक शहरां'च्या याद्या दरवर्षी निघतात आणि त्यांत सेंट लुईस बहुतेक वेळा पहिल्या दोन-चारांत असते. त्या यादीतला आकडा कसा तयार झाला याचा माग काढायचा, तर पोलिसांच्या दप्तराच्या कितीतरी आधी, एका निवडणुकीच्या कागदांपर्यंत जावे लागते.

1875 साली मिसुरीने नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्या एका कलमाने सेंट लुईसला स्वतःची सनद स्वतः लिहिण्याची आणि ज्या कौंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात, ते होते तिच्यापासून वेगळे होण्याची मुभा दिली. असा अधिकार मिळालेले हे अमेरिकेतले पहिले शहर. तोवर शहर आणि भोवतालचा ग्रामीण मुलूख एकाच कौंटीच्या कारभाराखाली होता. शहरवासीयांची तक्रार अशी, की कर भरायचा आम्ही आणि दोन-दोन सरकारे पोसायची तीही आम्हीच. तेरा जणांचे मंडळ निवडले गेले. त्यांनी दोन दस्तऐवज तयार केले: एक विभक्त होण्याची योजना, दुसरी शहराची सनद. नवी हद्द आखताना हात मुळीच आखडता घेतला नव्हता. सुमारे 18 चौरस मैलांचे शहर 61 चौरस मैलांचे झाले. पश्चिमेकडची शेते, कुरणे आणि त्याच उन्हाळ्यात खुले झालेले फॉरेस्ट पार्क हे सगळे आत आले. हद्दीपर्यंत घरे पोचायला अजून पुष्कळ अवकाश होता.

22 ऑगस्ट 1876 रोजी मतदान झाले. पहिल्या मोजणीत विभक्तीचा प्रस्ताव शंभराहून थोड्याच अधिक मतांनी पडला. मग मतपेट्यांत घोटाळा झाल्याचे आरोप झाले आणि फेरमोजणी झाली. डिसेंबरअखेर तिचा निकाल लागला: प्रस्ताव मंजूर. म्हणजे आजचे सगळे खुनाचे दर ज्या रेषेच्या आतली माणसे मोजून काढतात, ती रेषा आधी नाकारली गेली होती आणि चार महिन्यांनी स्वीकारली गेली. पहिल्या मोजणीत लबाडी झाली होती की दुसऱ्या, याचा निवाडा मी करणार नाही. त्या काळातल्या सेंट लुईसच्या मोजण्यांवर विश्वास टाकण्याआधी दोनदा विचार करावा, एवढे मात्र म्हणता येते.

कारण तसाच दुसरा कागदही आहे. 1870च्या जनगणनेत सेंट लुईसची लोकसंख्या 3,10,864 भरली आणि प्रतिस्पर्धी शिकागोची 2,98,977. शहर देशात चौथे आले, जल्लोष झाला. दहा वर्षांनी, हद्द तिपटीहून मोठी झाल्यावरही, आकडा निघाला 3,50,518. शिकागो मात्र पाच लाखांपुढे गेले होते. 1870ची मोजणी फुगवलेली होती असे तेव्हाही बोलले गेले आणि आजचे इतिहासकारही तसेच मानतात. त्या दशकातल्या सेंट लुईसच्या खुनांचा दर काढू पाहणाऱ्याने हा फुगवटा लक्षात घेतला नाही, तर त्याला शहर होते त्यापेक्षा शांत दिसेल.

विभक्तीनंतर उरलेल्या कौंटीत 1880 साली सुमारे 32 हजार माणसे होती. 2020 साली त्याच कौंटीत दहा लाखांहून अधिक माणसे राहत होती आणि शहरात 3,01,578. मध्यंतरी, 1950 साली, शहराने 8,56,796चा उच्चांक गाठला होता. पुढच्या सत्तर वर्षांत मध्यमवर्ग, आधी गोरा आणि नंतर कृष्णवर्णीयही, हद्दीपलीकडे गेला. ज्या शहरांची हद्द लवचीक होती त्यांनी अशा उपनगरांचा पाठलाग केला. नॅशव्हिल 1963 साली आपल्या कौंटीशी एक झाले, जॅक्सनव्हिल 1968 साली, इंडियानापोलिस 1970 साली. मिसुरीतलेच कॅन्सस सिटी गावामागून गाव सामील करून घेत 300 चौरस मैलांच्या पुढे गेले. सेंट लुईस 1876च्या रेषेतच राहिले. म्हणून इंडियानापोलिसच्या छेदात हिरवळी राखणारी उपनगरे येतात आणि सेंट लुईसच्या छेदात येत नाहीत. या दोन शहरांचे दर शेजारी शेजारी छापणे म्हणजे एकाचे पूर्ण घर आणि दुसऱ्याचे फक्त स्वयंपाकघर मोजून कुठे जास्त धूर आहे ते सांगणे.

अंशाची गोष्टही तितकी सरळ नाही. अमेरिकन शहरांची खुनाच्या दराने क्रमवारी लावण्याची चाल रुजवण्यात मोठा वाटा होता तो एका विमा कंपनीतल्या संख्याशास्त्रज्ञाचा. फ्रेडरिक हॉफमन हा जर्मनीत जन्मलेला माणूस न्यूअर्कच्या प्रुडेन्शियल कंपनीत होता. 'द स्पेक्टेटर' या विमाव्यवसायाच्या साप्ताहिकात तो वर्षानुवर्षे निवडक शहरांचे तक्ते छापत असे. 1925 साली त्याचे 'द होमिसाइड प्रॉब्लेम' हे पुस्तक निघाले. मेहनती गृहस्थ, यात शंका नाही. पण याच हॉफमनने 1896 साली कृष्णवर्णीयांच्या 'वांशिक गुणां'वर एक ग्रंथ लिहून त्यांचा विमा उतरवणे परवडत नाही असे सिद्ध करण्याचा खटाटोप केला होता, आणि कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी लगेच त्याची खरमरीत समीक्षा केली होती. त्याचे तक्ते वाचताना हे विसरू नये.

1916च्या तक्त्यात टेनेसीतल्या मेम्फिसची नोंद आहे: 134 खून, लाखामागे 89.9. मेम्फिसच्या पुढाऱ्यांचा तिळपापड झाला. त्यांचा बचाव असा होता की मिसिसिपी आणि आर्कान्सातल्या कापसाच्या शेतांत भोसकलेली, गोळी लागलेली माणसे आमच्या दवाखान्यात आणली जातात, इथे मरतात आणि आमच्या नावावर लागतात. बचाव सोयीचा होता, पण खोटा नव्हता. हॉफमनचे आकडे मृत्युनोंदणीवर उभे होते, आणि मृत्यू तेव्हा ज्या गावात झाला त्या गावाच्या खाती जाई. माणूस राहत होता त्या गावाच्या खात्यात मृत्यू टाकण्याची पद्धत जनगणना खात्याने 1930च्या दशकात लावली. त्याच दशकाच्या आरंभी, 1930 साली, पोलिसांकडून येणारे देशव्यापी गुन्ह्यांचे तक्ते सुरू झाले. त्यांत खून जिथे घडला तिथे मोजला जातो आणि कायद्याने समर्थनीय ठरलेली हत्या वगळली जाते. मारला गेला कुठे, मेला कुठे, राहत होता कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगळ्या गावांची असू शकतात. जुने तक्ते जुळवताना कोणता प्रश्न विचारला होता हे आधी पाहावे लागते.

सेंट लुईसच्या तर पूर्वेच्या कडेलाच नदी आणि राज्याची सीमा आहे. मिसिसिपीपलीकडचे ईस्ट सेंट लुईस इलिनॉय राज्यात येते. 2 जुलै 1917 रोजी तिथे गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय वस्त्या पेटवल्या. हजारो माणसे पुलावरून पळत सेंट लुईसमध्ये आली. काँग्रेसच्या चौकशी समितीने किमान 39 कृष्णवर्णीय आणि 8 गोरे मेल्याचे नोंदवले. डू बॉइस आणि मार्था ग्रुनिंग यांनी तिथे जाऊन साक्षी घेतल्या, 'द क्रायसिस' मासिकात छायाचित्रांसह वृत्तान्त छापला आणि कितीतरी मोठा आकडा सुचवला. दोन्ही दस्तऐवज उपलब्ध आहेत. समितीचा आकडा हा सापडलेल्या प्रेतांचा. जळून गेलेल्यांचा आणि नदीत गेलेल्यांचा हिशेब त्यात लागणे शक्य नव्हते. आणि काहीही असले तरी हे मृत्यू सेंट लुईसच्या कोणत्याही तक्त्यात नाहीत. ते दुसऱ्या राज्यात पडतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळा रेषांचाच खेळ. तसे म्हणायला शहराच्या व्यापारी मंडळींना आवडेल. मेम्फिसच्या पुढाऱ्यांनाही आवडले असते. पण रेषा हलवल्याने मेलेला माणूस उठत नाही. शहराच्या आत वेगळ्या रेषा आहेत, आणि त्यांचेही कागद आहेत.

29 फेब्रुवारी 1916 रोजी सेंट लुईसच्या मतदारांनी जवळपास तीनास एक अशा बहुमताने एक वटहुकूम मंजूर केला: ज्या गल्लीत एका वंशाचे बहुसंख्य, तिथे दुसऱ्या वंशाच्या माणसाने राहायला जायचे नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिलच्या अशाच कायद्याला रद्द ठरवले आणि हा वटहुकूमही निकामी झाला. मग तेच काम खरेदीखतांतल्या अटींनी सुरू ठेवले. लाबाडी अव्हेन्यूवरच्या एका घरावर 1911 साली पन्नास वर्षांसाठी अशी अट चढवलेली होती. त्यावरून उभा राहिलेला शेली विरुद्ध क्रेमर हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1948 साली अशा अटींची न्यायालयामार्फत अंमलबजावणी थांबली. दरम्यान 1937च्या नकाशावर सरकारी गृहकर्ज संस्थेने कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगवल्या होत्या: इथे कर्ज देणे धोक्याचे. त्यानंतर आल्या प्रुइट-आयगोच्या 33 अकरामजली इमारती. 1954 साली लोक राहायला आले आणि 1972 साली सुरुंग लावून पाडापाडी सुरू झाली.

आज डेलमार बुलेव्हार्ड हा रस्ता शहराची उत्तर आणि दक्षिण वेगळी करतो. खुनांचा मोठा भाग उत्तरेकडच्या वस्त्यांत घडतो आणि मरणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय असतात. नैर्ऋत्येकडच्या सेंट लुईस हिल्समध्ये राहणाऱ्याच्या आयुष्यात 87 हा आकडा जवळपास निरर्थक आहे, आणि उत्तरेकडच्या काही गल्ल्यांत तो फारच कमी आहे. शहराचा एकच दर सांगितल्याने दोघांचीही फसवणूक होते. 1937चा नकाशा आणि आजचा खुनांचा नकाशा एकमेकांवर ठेवले की रंग पुष्कळ ठिकाणी जुळतात. त्यावरून लाल शाईने माणसे मारली असे मी म्हणणार नाही. पण कर्ज नाकारलेल्या गल्लीत दुकान, दवाखाना आणि नोकरी टिकत नाही, आणि ओसाड पडलेल्या गल्लीत साक्ष द्यायला कुणी पुढे येत नाही, इतकी साखळी तरी कागदांवरून जोडता येते.

ऑक्टोबर 2006च्या अखेरीस, शहराच्या कार्डिनल्स संघाने बेसबॉलची जागतिक मालिका जिंकल्यानंतर तीनच दिवसांत, मॉर्गन क्विट्नो या खासगी प्रकाशनसंस्थेने सेंट लुईसला देशातले सर्वांत धोकादायक शहर घोषित केले. पुढच्या वर्षी अमेरिकन गुन्हेशास्त्र परिषदेने अशा क्रमवारीविरुद्ध ठराव केला. एफबीआय आपल्या आकड्यांसोबत तसा इशारा देत आलेलीच होती. याद्या थांबल्या नाहीत.

शहर आणि कौंटी पुन्हा एक करण्याचे प्रयत्न 1926 साली फसले, 1962 साली फसले. 2019चा प्रस्ताव मतदानापर्यंतही पोचला नाही. एकत्रित शहराचा पहिला महापौर म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते तो कौंटीप्रमुख भ्रष्टाचाराच्या आरोपपत्रात अडकला आणि मे महिन्यात प्रस्ताव मागे घेतला गेला.

पोलिसांचे दप्तर मात्र हलले. सेंट लुईसचे पोलीस 1861पासून, यादवी युद्धाच्या तोंडावर दक्षिणेकडे झुकलेल्या गव्हर्नरने केलेल्या कायद्यानुसार, राज्य सरकारच्या ताब्यात होते. राज्यभरच्या मतदानानंतर 2013 साली ते शहराकडे आले. मार्च 2025मध्ये गव्हर्नर माइक केहो यांनी ते पुन्हा राज्याच्या मंडळाकडे देणाऱ्या कायद्यावर सही केली. कारण दिले ते गुन्हेगारीचे. त्याआधीच्या वर्षी, 2024 साली, शहरात 150 खून झाले होते. 2013नंतरचा तो सर्वांत कमी आकडा होता. लोकसंख्या 2 लाख 80 हजारांच्या आसपास उतरली असल्याने दर तरीही पन्नाशीच्या वरच राहिला.