किडनी देणाऱ्याची नशा: डॉक्टरांपासून लपवू नका

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठल्याही गावात विचारा, डायलिसिसवर असलेला एखादा पेशंट ओळखीचा निघतोच. किडनी बदलायची तर अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. घरात अम्मी, भाऊ किंवा बायको पुढे येते, रक्तगट पाहिला जातो. पण एक प्रश्न आपण शरमेने दाबतो: देणारा काही नशा करतो का?

नशा किडनीसोबत जाते का?

नाही. देणाऱ्याचे व्यसन घेणाऱ्याला लागत नाही. नशेचे पदार्थ काही काळाने शरीरातून निघून जातात. प्रश्न असतो तो त्यांनी किडनीचे किती नुकसान केले याचा. कोकेनसारख्या नशेने रक्तदाब एकदम वाढतो आणि किडनीला मार बसू शकतो. म्हणून क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, रक्तदाब आणि सोनोग्राफी पाहूनच डॉक्टर किडनी घेण्याचा निर्णय करतात.

मोठा धोका संसर्गाचा

सुई वाटून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी पसरतात. किडनी घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे असा संसर्ग त्याला जास्त भारी पडतो. शिवाय संसर्ग ताजा असेल तर साधी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. नॅट नावाची तपासणी विषाणू लवकर पकडते, तरी सुरुवातीचे काही दिवस तिच्याही हातून निसटतात. तेव्हा खरी माहिती घरच्यांकडूनच मिळते.

अमेरिकेचा अनुभव

तिथे 2000 साली मृत दात्यांपैकी सुमारे 1 टक्का नशेच्या अतिरेकाने दगावलेले होते. 2017 मध्ये हे प्रमाण 13 टक्क्यांच्या वर गेले. तपासून घेतलेल्या अशा किडन्यांचे निकाल अपघातात मेलेल्या दात्यांच्या किडन्यांइतकेच चांगले आढळले. 2017 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिपॅटायटिस सी असलेल्या दात्यांच्या किडन्या 10 पेशंटना दिल्या गेल्या. नव्या औषधांनी दहाही जण त्या संसर्गातून बरे झाले. दात्याची हकीकत आधीच माहीत होती, म्हणून हे जमले.

आपल्याकडे काय?

भारतात बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांकडून येतात. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याचाही भर जवळच्या नात्यावर आहे. आपल्या भागात सुईच्या नशेपेक्षा खर्रा, बिडी, दारू आणि गांजा जास्त. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी शाळेच्या आसपास रिकाम्या पुड्या आम्ही रोज पाहतो.

सिगारेट-बिडी ओढणाऱ्या दात्याची किडनी तुलनेने कमी टिकते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. ऑपरेशनमध्ये त्याच्या फुफ्फुसालाही धोका असतो. म्हणून किमान 4 आठवडे आधी धूम्रपान सोडायला सांगतात. खर्ऱ्याची सवय असेल तर तोंडाची तपासणी करून घ्यावी, कारण कॅन्सर निघाला तर किडनी घेता येत नाही. आणि जिला आपण नशा मानतच नाही, ती दुखण्याची गोळी! डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वर्षानुवर्षे घेतल्याने किडनी खराब होते.

मग करायचे काय?

- देणाऱ्याने डॉक्टरांना एकट्याने भेटावे. सासू-सासऱ्यांसमोर कोण खरे सांगणार?
- काय, किती, कधीपासून आणि शेवटचे कधी घेतले, हे स्पष्ट सांगावे. सुई घेतली असेल तर तेही.
- व्यसन सुटेपर्यंत थांबायला सांगितले तर थांबावे. उरलेली एकच किडनी देणाऱ्यालाही जन्मभर पुरवायची आहे.
- मेंदूमृत नातेवाइकाचे अवयव देताना समन्वयक त्याच्या सवयी विचारतात. तो मय्यतीचा अपमान नाही, घेणाऱ्याची हिफाजत आहे.

नशा केली होती एवढ्यावरून दरवाजा बंद होत नाही. पुष्कळदा तपासणी आणि उपचाराने वाट निघते. लपवले तर मात्र किडनीही जाते आणि माणूसही. एक अवयव म्हणजे अमानत आहे. ती देताना खरे बोलणे हाही त्या दानाचाच भाग आहे.