दूध कशात तापवावे? : नाशिकच्या भांड्यांचा थोडा इतिहास

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात एक छोटासा वाद झाला होता, तो पुष्कळजणींना आठवत असेल. आपल्यातील एका तरुण सभासद भगिनीने भांडी बाजारातून एक सुंदर पितळी पातेले आणले होते. घरात सात महिन्यांचे बाळ, त्याचे दूध त्यात तापवायचे असा तिचा विचार. "जुन्या बायका पितळेतच सारे करीत होत्या ना? मग तेच आरोग्याचे," असे तिचे म्हणणे. कोणी तिला दुजोरा दिला, कोणी म्हणाले स्टीलच बरे, आणि तिळगूळ संपला तरी निकाल काही लागला नाही. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा तोच विषय घ्यावा असे वाटले. मी डॉक्टर नव्हे. पण या विषयाचा इतिहास आपल्या घरांतून गेलेला आहे, आणि माझ्या घरातून तर जरा जास्तच.

नाशिकला तांब्यापितळेचे गाव म्हटले तर ते वावगे होणार नाही. जुन्या गावात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे. 1883 साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्येही नाशिकच्या तांब्यापितळेच्या कामाची दखल घेतलेली आहे. गंगेवर स्नानाला येणारा यात्रेकरू परत जाताना पळी-पंचपात्र, ताम्हन, समई, निदान एखादा गडू घेतल्याशिवाय जात नसे. माझ्या लहानपणी त्या बाजूने जाताना ठोक्यांचा आवाज इतका असे की बरोबरच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके देऊन हंड्याला गोलाई आणणारे ते हात पाहत उभे राहण्याची मला फार हौस होती, आणि त्यापायी शाळेत उशीर होऊन छड्याही खाल्ल्या आहेत.

त्या वेळच्या आमच्या घरात तांबे पाण्याला आणि पितळ स्वयंपाकाला अशी वाटणी होती. हंडा, बंब, घंगाळ तांब्याचे. तपेली, पातेली, परात, वेळण्या पितळेच्या. चिंचगुळाची आमटी, कढी, सार यांचे पातेले वेगळे, त्याला कल्हई चकचकीत असलीच पाहिजे. ताक आणि लोणचे धातूत ठेवायचेच नाही, ते चिनी मातीच्या सटात किंवा बरणीत. तवा आणि कढई बिडाची वा लोखंडी. पुरणाचे मांडे करायचे ते मातीच्या खापरावर. हे सारे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला तर कळकतो, हिरवट होतो, जिभेला तुरट लागतो आणि पोटात ढवळते, हा अनुभव पिढ्यान् पिढ्या घेतलेला होता. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबटाने त्यातले तांबे सुटून अन्नात उतरते, हे शास्त्र आजीला ठाऊक नव्हते. पण कळकलेली आमटी ओतून द्यायची हे तिला चांगले ठाऊक होते.

त्यावर उपाय कल्हईचा. "कल्हईऽऽ" अशी आरोळी आली की आळीतल्या सगळ्या पोरांचा घोळका त्या माणसामागे. तो एखाद्या मोकळ्या जागी खड्डा करी, कोळसे पेटवी, आणि भात्याचे तोंड मातीने लिंपून बसवी. भाता दाबायला मिळावा म्हणून आमच्यात मारामाऱ्या होत. भांडे आधी घासून लख्ख करायचे, मग निखाऱ्यावर उलटसुलट फिरवून तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकायची. पांढराशुभ्र धूर निघे, नाक झोंबे. लगेच कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते पातळ कथील झरझर पसरवायचे. क्षणात पिवळे भांडे आतून चांदीसारखे होई. मग ते पाण्यात बुडवले की चर्र आवाज! कथील 232 अंशांना वितळते, म्हणून तर हे काम एवढ्याशा भट्टीवर होते. आणि म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवले की कल्हई गोळा होऊन बसते.

आता मुद्द्याचे सांगते. कल्हई वर्षभर टिकत नाही. रोज राखेने घासली की महिना दोन महिन्यांत तळ पिवळा दिसू लागतो. पैसा मोजून खर्च करणाऱ्या घरात सगळ्या भांड्यांना वेळेवर कल्हई होत नसे. आमच्याकडे आमटीचे पातेले पहिले, मग कढीचे, आणि दुधाच्या पातेल्याचा नंबर शेवटचा. कारण दूध काही आंबट नाही, ते कळकत नाही, त्याची चव बिघडत नाही. जिभेने सांगितले तेवढेच आम्ही जपले. जे जिभेला कळत नव्हते त्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

माझी आत्या बाळंतपणाला आमच्याकडे येई. तिला अंगावरचे दूध कमी. पहिल्या महिन्यापासूनच बाळाला गाईचे दूध, तेही दिवसभर चुलीच्या वैलावर पितळी पातेल्यात राहिलेले, बोंडल्याने पाजायचे. पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला. ते साल 1956, सिंहस्थाचे, म्हणून लक्षात आहे. पोट मोठे, हातपाय काड्या, चिडचिड, शेवटी कावीळ. "लिव्हर झाले" एवढेच मोठी माणसे बोलत. तीन वर्षांनी दुसराही तसाच गेला. दृष्ट, ग्रह, आत्याचे नशीब, सगळे काढून झाले. सासरच्यांनी तिला काय काय ऐकवले ते इथे लिहीत नाही. तिसरे मूल तिने मुंबईला वाढवले, डब्याच्या दुधावर. तो आज नातवंडांचा धनी आहे.

हा आजार आमच्याच घरचा नव्हता. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी 1887 साली त्याचे वर्णन केलेले आहे. पुढे शंभर वर्षे हिंदुस्थानभर सहा महिने ते तीन-चार वर्षांची मुले त्याने गेली. यकृत दगडासारखे घट्ट होई आणि काही महिन्यांत खेळ आटपे. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला नावच 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' पडले. कोणी म्हणे रक्तातला दोष, कोणी म्हणे जंतू, कोणी म्हणे आहार. एक गोष्ट सगळ्यांना बुचकळ्यात टाकी. हा आजार अगदी गरिबांच्या झोपडीत कमी आणि खेड्यापाड्यांतल्या खाऊनपिऊन सुखी घरांत जास्त. एकाच घरात दोन-तीन भावंडे त्याने जात.

1970 नंतरच्या दशकात या मुलांच्या यकृतात निरोगी यकृताच्या कितीतरी पट तांबे साठलेले असते हे दिसून आले. ते तांबे येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात शोधले गेले. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्ट्युअर्ट टॅनर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आयांना बसवून विचारले : बाळाला वरचे दूध केव्हापासून? ते कशात तापवता? कशात ठेवता? प्रश्न साधे, पण शंभर वर्षांत ते असे नेटाने कोणी विचारले नव्हते. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेले होते. 1983 साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे मांडले. पुढे दुधाच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली. दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, म्हणून आंबटपणा नसतानाही पितळी भांड्यातले दूध तांबे उचलते. आणि पाण्याप्रमाणे त्याची चव वा रंग काही बदलत नाही. मोठ्या माणसाचे यकृत जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्याचे यकृत त्या कामाला अजून तयार नसते. आईच्या दुधात तांबे अगदी माफक असते, म्हणून अंगावर पिणारी मुले वाचत. गरिबाघरची मुले वाचत त्याचे एक कारण हेच दिसते : आई दोन वर्षे पाजत असे आणि घरात पितळ नसे.

पेनिसिलामाइन नावाचे औषध शरीरातील तांबे ओढून काढते. आजार फार पुढे जाण्यापूर्वी ते दिले तर काही मुले वाचली, असे पुण्याच्याच डॉक्टरांनी दाखवले. पण खरे काम झाले ते भांडे बदलल्याने. दुधाला पितळ वापरू नका, एवढे सांगत गेल्यावर आणि घराघरांतून पितळ आपसूक हटल्यावर हा आजार 1990 च्या आसपास जवळजवळ नाहीसा झाला. तरुण डॉक्टरांनी तो आता पुस्तकातच पाहिलेला असतो.

नाव 'इंडियन' असले तरी आजार आपलाच नव्हता. ऑस्ट्रियाच्या पश्चिमेकडील टिरोल भागात 1900 ते 1974 या काळात 138 मुले याच प्रकारे दगावल्याचे 1996 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी आणि त्यांतले गाईचे दूध. भांडी बदलली, आजार गेला. अर्थात त्या भांड्यातले दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडले असे नाही. माझा भाऊ आणि मी त्याच पातेल्यातले दूध प्यायलो. काही मुलांची प्रकृतीच तांबे साठवण्याकडे झुकणारी असावी असे डॉक्टर मानतात. आत्याच्या मुलांच्या बाबतीत नेमके काय झाले हे आता कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

पितळ हटले ते मात्र आरोग्याच्या विचाराने नव्हे. प्रथम आली ॲल्युमिनियमची भांडी, ज्यांना आपण 'जर्मल' म्हणतो. मद्रासच्या कलाशाळेचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 च्या सुमारास तिथे ती करून पाहण्यास आरंभ केला. हलकी, स्वस्त, कल्हईचा खर्च नाही. पण प्रतिष्ठा शून्य! जर्मलच्या पातेल्यात पाहुण्याचा चहा ठेवला तर आजीला लाज वाटे. त्यानंतर स्टील. इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये न गंजणारे पोलाद केले, आणि स्वातंत्र्यानंतर ते आपल्या मांडणीवर आले. ते आणले बोहारणीने. जरीची जुनी शालू-पैठणी देऊन एक डबा, वर घासाघीस करून दोन वाट्या! किती जुन्या पैठण्या त्यात गेल्या याचा विचार केला की आजही जीव हळहळतो. पण त्या व्यवहारात न कळत किती बाळे वाचली असतील हेही मनात येते.

बाकीच्या भांड्यांविषयी थोडक्यात. जर्मलमध्ये आंबट आणि खारट पदार्थ शिजवून तसेच ठेवू नयेत. भंगार वितळवून केलेली बिननावाची भांडी तर टाळावीतच; आफ्रिकेत कॅमेरून देशातील अशा भांड्यांत शिसे सापडल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश केंद्र सरकारने 2024 मध्ये काढला, तेव्हा चिन्ह पाहून घ्यावे. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये; 260 अंशांपलीकडे त्याचा थर बिघडू लागतो आणि त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मेल्याची उदाहरणे आहेत. लोखंडी कढईबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. भाजी काळी पडते, पडो. बायकांच्या अंगाला लोह हवेच असते.

आणि कल्हईविषयी एक. हल्ली हौसेने पितळ घेणाऱ्या पुष्कळजणी कल्हईवाल्याची वाट पाहतात, आणि तो आला की त्याने काय लावले हे विचारत नाहीत. कथील महाग, शिसे स्वस्त. शिशाची भेसळ असलेली कल्हई उघड्या पितळेपेक्षाही वाईट. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ वाकवली तर करकर वाजते, शिसे कागदावर ओढले तर काळी रेघ उमटते, अशी जुनी परीक्षा आहे. ती पुरती खात्रीची नव्हे, म्हणून ओळखीचाच माणूस गाठावा.

त्या तरुण भगिनीच्या घरी मी नंतर जाऊन आले. हे सगळे तिला सांगितले, थोडे रागावूनही बोलले असेन. पातेले तिने परत केले नाही, आणि करायचे कारणही नव्हते. बाळाचे दूध स्टीलमध्ये तापते. पितळी पातेल्यात ती कोरडे तांदूळ ठेवते. आमचे जुने पातेले माझ्याकडेच आहे. तळाशी ठोक्यांच्या खुणा आणि कडेला आजोबांचे नाव कोरलेले. दिवाळीला चिंच लावून घासते आणि पुन्हा माळ्यावर ठेवते.