ओपन आणि क्लोजच्या मधले तीन तास

रायपूरच्या उत्तरेला बिलासपूर रस्त्यावर भनपुरीची औद्योगिक वसाहत आहे. मध्य भारतातल्या अशा कामगारवस्त्यांत वर्षानुवर्षे 'सट्टा-पट्टी' चालत आली आहे: कागदाचा चिटोरा, त्यावर आकडा आणि रक्कम, आणि पैसे घेणारा खाईवाल. या धंद्यात, म्हणजे मटक्यात, सर्वाधिक ऐकू येणारे नाव 'कल्याण'. त्याचा ना रायपूरशी संबंध, ना ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणशी. ते आले कल्याणजी भगत या वरळीत स्थायिक झालेल्या कच्छी माणसाच्या नावावरून. मुंबईच्या गिरण्या संपल्या, मटक्याचे 'राजे' गेले, छत्तीसगढने २०२२ चा नवा जुगारविरोधी कायदा केला, तरी हजारेक किलोमीटर दूर हा खेळ टिकला. लोभ आणि गरिबी ही त्याची नेहमीची दोन कारणे. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. लोभी माणसाला पकडायला लॉटरी होतीच; मटक्याने पकडली ती माणसाची वाट पाहण्याची वृत्ती.

मुंबईला अनिश्चिततेवर पैसे लावण्याची सवय जुनी. एकोणिसाव्या शतकात पावसावर सट्टा चाले. ठरल्या वेळात मोरीतून पाणी वाहिले की जिंकलात. १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात तो बसेना, म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करावी लागली. पुढे कापूस आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या शेवटच्या अंकांवर पैसे लागत. हाच तो 'आकडा'. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले. कापूस गेला, अमेरिका गेली, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द राहिले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि दोन वर्षांनी कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडा काढायला सुरुवात केली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, मग पत्ते. भाव उरला नव्हता, उरली होती ती फक्त त्याची वेळ.

ही वेळच महत्त्वाची. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा: दोन, सात, आठ म्हणजे सतरा, म्हणून 'सत्ता'. हा ओपन, रात्री नऊच्या सुमारास निघे. तसाच क्लोज मध्यरात्री. एका अंकाला रुपयाला नऊ, दोन्ही अंकांच्या जोडीला नव्वद. शक्यता अनुक्रमे दहात एक आणि शंभरात एक, म्हणजे दर रुपयामागे दहा पैसे कायमचे मालकाचे. पण हिशेब बाजूला ठेवून चार-सातची जोडी लावलेल्या गिरणीकामगाराकडे पाहा. नऊला चौका फुटला. नऊपर्यंत त्याची आशा शंभरात एक होती, आता ती दहात एक झाली. पुढचे तीन तास चाळीच्या नळावर, टपरीवर, खाटेवर तो अर्धा जिंकलेला माणूस आहे. बाराला छक्का फुटला तर 'एका घराने गेला' असे तो म्हणतो. वास्तविक छक्का आणि सत्ता शेजारी असण्याला काडीचाही अर्थ नाही.

मेंदूला मात्र तो अर्थ वाटतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेतली तेव्हा दिसले, की अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की या पेशी चेततात. रसाची पूर्वसूचना ठरून गेली की चेतना रसाकडून सूचनेकडे सरकते. आणि अपेक्षित रस चुकला की ती मंदावते. २००३ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवले, की सूचना आणि निकाल यांमधल्या काळात काही पेशींची चेतना चढत जाते आणि मिळणे-न मिळणे अर्धे-अर्धे असते तेव्हा ती सर्वाधिक असते. २००९ मधला ल्यूक क्लार्क यांचा माणसांवरचा प्रयोग तर 'एका घराने' जाण्याचाच आहे: थोडक्यात हुकणे खेळणाऱ्यांना अप्रिय वाटले, तरी खेळण्याची इच्छा वाढली आणि बक्षिसाला प्रतिसाद देणारे भाग उजळले. आवडणे वेगळे आणि ओढ लागणे वेगळे. मराठीत 'आकड्याची आवड' असे कोणी म्हणत नाही, 'आकड्याचा नाद' म्हणतात, ते उगाच नव्हे. स्वप्नातला साप, बसचा नंबर यांतून आकडा शोधणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. पूर्वसूचना शोधणे हे तर या यंत्रणेचे कामच आहे.

यावर म्हटले जाईल, की माकडाच्या रसावरून गिरणगावाचा निष्कर्ष काढू नये. रास्त आहे. पण पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामिनसारखे काम करणारी औषधे दिल्यावर आयुष्यात प्रथमच जुगाराचा नाद लागला आणि मात्रा कमी केल्यावर तो सुटला, हा पुरावा माणसांचा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ठोक रक्कम हाती येण्याचा दुसरा मार्गच नव्हता, म्हणून कामगार आकडा लावत. पण ठोक रकमेसाठी त्याच चाळींत भिशी होती, आणि तिच्यात दहा पैसे कापले जात नसत. भिशीत अनिश्चितता कमी, म्हणून तिचा नाद कोणाला लागला नाही. तिसरा आक्षेप: लाखोंनी आकडा लावला, बुडाले थोडे. हे खरे आहे आणि दारूलाही लागू आहे. मेंदूची रचना सर्वांची सारखी असली तरी धोका सारखा नसतो. म्हणूनच दोष केवळ खेळणाऱ्याच्या चारित्र्यात शोधता येत नाही, तसा खेळाच्या रचनेला माफही करता येत नाही.

मटक्याच्या मालकांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. त्यांच्या हाती वेळापत्रक होते आणि त्यांनी ते गिऱ्हाइकाकडे पाहत पाहत घासून घेतले. पुढचा टप्पा छत्तीसगढनेच पाहिला. भिलाईशी नाळ असलेले ऑनलाइन सट्ट्याचे महादेव अ‍ॅप २०२३ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाच्या तपासामुळे देशभर गाजले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पट्टी लिहायला खाईवाल लागे, त्याच्यापर्यंत चालत जावे लागे आणि बारानंतर तो झोपे. फोन झोपत नाही. मटक्यात दिवसाला दोन निकाल होते. टी-ट्वेंटीच्या एका सामन्यात चेंडूच दोनशे चाळीस.