चालत्या कर्नलमध्ये डोकावताना : केजीडीबीची गोष्ट

भोर-वेल्ह्याच्या मंडळींना राजगड सांगायला नको. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हा बालेकिल्ला म्हणजे कर्नल. माचीवर काही बिघडलं तर वरून पाहता येतं. पण बालेकिल्ल्यातच बिघडलं तर? पाहणाराही तिथेच उभा! साधा डिबगर कर्नलच्याच आधारावर चालतो; कर्नल थांबवला की तोही थांबला. मग समोरच्या तोरण्यावर जाऊन पाहावं लागतं. म्हणजे दोन संगणक, मधे एक सीरियल केबल. एकावर थांबवलेला कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी हा डिबगर. लिनक्समध्ये ही सोय करणारं साधन म्हणजे केजीडीबी.

त्याला सहज प्रवेश मिळाला नाही. 2000 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नलमध्ये डिबगर घ्यायला जाहीर विरोध केला. डिबगर हाताशी असला की माणूस लक्षण झाकतो, मूळ कारणाचा विचार करत नाही, असा त्यांचा मुद्दा. त्यामुळे केजीडीबी कित्येक वर्षं बाहेरचा पॅच म्हणूनच जगला. तो सांभाळणाऱ्यांत पुण्याचे अमित काळे होते. कर्नलमधल्या त्या फाइलच्या माथ्यावर 2003-2004 या वर्षांसह त्यांचं नाव आजही आहे. अखेर 2008 मध्ये, 2.6.26 या आवृत्तीत, जेसन वेसल यांच्या देखरेखीखाली केजीडीबी मूळ लिनक्समध्ये आला.

पण गोष्ट इथे संपत नाही. 2014 मध्ये 3.14 आवृत्तीत सुरक्षेसाठी केएएसएलआर आलं. आता दर वेळी सुरू होताना कर्नल मेमरीत वेगळ्या जागी बसू लागला. जीडीबीच्या हातात मात्र जुनेच पत्ते! ब्रेकपॉइंट लागत नाही, भलतेच आकडे दिसतात, आणि आपण धडधाकट कोडवर संशय घेऊन बसतो. उपाय साधा आहे: तपासणीपुरतं कर्नलला सुरू होताना ‘नोकेएएसएलआर’ सांगायचं. त्याआधी केबल पाहायची, दोन्हीकडचा वेग एकच आहे ना, समजा 115200, हे पाहायचं, आणि जीडीबीला दिलेली चिन्हांची फाइल याच कर्नलच्या बांधणीतली आहे ना, याची खात्री करायची.

बखर वाचताना आपण आधी विचारतो: बखरकार कुठे उभा होता, कधी लिहीत होता? डिबगरलाही तेच विचारायचं. साक्षीदाराची तपासणी आधी, आरोपीची नंतर. नाहीतर निर्दोष कोडला शिक्षा होते, आणि खरा दोष चालत्या यंत्रात तसाच राहतो.